निव्वळ शून्याची फाइल

कार्बन डायऑक्साइडला नोटीस चिकटवता येत नाही, ही कोणत्याही महापालिकेची मूळ अडचण आहे. फेरीवाला उठवता येतो, अनधिकृत पोटमाळा पाडता येतो, मालमत्ता कर थकवणाऱ्याच्या दारात ढोल बडवता येतो. या वायूला मात्र रंग नाही, वास नाही, खातेक्रमांक नाही आणि वॉर्डही नाही. अंधेरीत सुटलेला कार्बन संध्याकाळी मीरा-भाईंदरच्या हद्दीत गेला तर पंचनामा कोणी करायचा, याबद्दल १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम अवाक्षर काढत नाही.

तरीही मुंबई महापालिकेने तो मोजला आणि १३ मार्च २०२२ रोजी ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ समारंभपूर्वक प्रसिद्ध केला. त्यातला हिशेब २०१९ सालचा आहे. त्या वर्षी शहराने सुमारे २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू सोडले. माणशी भाग लावला तर तो पावणेदोन टनांच्या जरा वर जातो. विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळाली म्हणून देवाचे आभार मानणाऱ्या गृहस्थाच्या नावावर पावणेदोन टन! सरासरीची हीच तर गंमत. मलबार हिलवरच्या चार एसींचा भार धारावीतल्या एका पंख्यावरही सारखाच टाकला जातो आणि पंख्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग उद्दिष्टे ठरली. देशाने ग्लासगोच्या परिषदेत ‘निव्वळ शून्या’साठी २०७० साल सांगितले होते, मुंबईने २०५० सांगितले. वाटेतले टप्पे असे: २०३० पर्यंत ३० टक्के कपात, २०४० पर्यंत ४४ टक्के, आणि २०५० साली सगळा खेळ खलास. हे आकडे सावकाश वाचले की ओळखीचे वाटू लागतात. पहिल्या खेपेला ३०, पुढच्या दहा वर्षांत १४, आणि उरलेले ५६ टक्के शेवटच्या दहा वर्षांत. महापालिकेकडून एकदा तरी बिल पास करून घेतलेल्या कंत्राटदाराला हा आलेख पाठ असतो. हा मार्चएण्ड आहे. नेहमीचा आठवड्याभरात उरकतो, हा दशकभर चालणार एवढेच.

आराखड्यातली खरी मेख पुढे आहे. शहराच्या उत्सर्जनातला ७२ टक्के वाटा घरे, दुकाने, कचेऱ्या आणि कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा. २० टक्के वाहतुकीचा. ८ टक्के कचऱ्याचा. आणि वीज कशाची, तर सुमारे ९५ टक्के कोळशाची. मुंबईकर रिमोटचे बटण दाबतो ते बोरिवलीत, कोळसा पेटतो डहाणूला. वीज कंपन्यांपैकी महापालिकेच्या घरची एकटी बेस्ट, आणि तीही दुसऱ्याची वीज विकत घेऊनच विकते. थोडक्यात, शंभरातले बहात्तर भाग ज्याच्या ताब्यात नाहीत अशा संस्थेने शंभर टक्के कपातीची हमी दिली आहे. लग्नाचा खर्च वधूपक्षाकडे असला की वराचे काका जितक्या मोकळ्या मनाने मेन्यू ठरवतात, तितक्याच मोकळ्या मनाने.

महापालिका हातावर हात ठेवून बसली आहे असे मात्र नाही. मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगती सौरऊर्जा असा जोडप्रकल्प तिने आखला आहे. शिवाय जून २०२४ मध्ये, पर्यावरण दिनाचे निमित्त साधून, ‘हवामान अर्थसंकल्प’ही मांडला. असा अर्थसंकल्प जगात सर्वप्रथम २०१७ सालासाठी ऑस्लोने केला होता. ऑस्लो, लंडन, न्यूयॉर्क आणि मग थेट मुंबई, हा क्रम जाहीर करताना महापालिकेचा ऊर भरून आला असल्यास तिला दोष देता येणार नाही. रक्कम सुमारे १० हजार २२४ कोटी रुपये. आकडा ऐकून छाती दडपते, पण आत डोकावले की जुनी मंडळी भेटतात: पर्जन्य जलवाहिन्या, मलनिस्सारण, सांडपाणी प्रक्रिया. म्हणजे कामे तीच. पूर्वी त्यांना नालेसफाई आणि गटार म्हणत, आता हवामान म्हणतात. यात लबाडी आहे असे नव्हे. तुंबणारे शहर वाचवणे हेही हवामानाचेच काम. मात्र पूर आल्यावर पाणी उपसणे वेगळे आणि पूर येऊ नये म्हणून धूर कमी करणे वेगळे. एका रकान्यात दोन्ही घातले की बेरीज गलेलठ्ठ दिसते, आणि अर्थसंकल्पाला तेच हवे असते.

धूर कमी करायचा तर महापालिकेच्या हातात काय असते? पहिला येतो दिवा. रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे काढून एलईडी लावले की वीज साधारण निम्म्यावर येते. यासाठी कोणाचेही प्रबोधन करावे लागत नाही, शपथ द्यावी लागत नाही. विद्युत विभागाचा बाबू ‘कार्बन’ हा शब्द न उच्चारता बिल पाहतो आणि खूश होतो. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नगरपालिकांनी हवामानासाठी केलेले सगळ्यात पक्के काम बहुधा हेच. त्याचे कौतुक कोणीच केले नाही, कारण दिवा बदलताना फीत कापता येत नाही.

मुंबईत मात्र दिव्यावरूनही रामायण झाले. २०१५ च्या सुरुवातीला मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले आणि या दिव्यांचा ‘राणीचा हार’ सोन्याचा होता तो एका रात्रीत चांदीचा झाला. वीज किती वाचली हे विचारायला कोणाला वेळच नव्हता. हाराच्या कॅरेटवर चर्चासत्रे झाली. दिवे आले केंद्राच्या योजनेतून आणि हार पडला मुंबईचा, त्यामुळे राज्यात आणि पालिकेत एकत्र नांदणाऱ्या शिवसेना-भाजपला भांडायला एक उजळ विषय मिळाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी पिवळसर झाकेचे एलईडी बसवून तडजोड झाली. वीजही वाचली, राणीही वाचली. खरे तर हवामानबदलाशी झुंजणाऱ्या प्रत्येक शहराने हा तोडगा अभ्यासावा असा आहे: माणसे बदलाला विरोध करत नाहीत, बदल दिसला की विरोध करतात.

ही वाचवलेली वीज पुढे कुठे गेली, याचाही छडा लागतो. जी-२० च्या पाहुण्यांसाठी शहराचे सुशोभीकरण निघाले, तेव्हा खांबांना झगमगती वेटोळी पडली आणि झाडांनाही. ज्या वडा-पिंपळाने कार्बन शोषून घ्यावा अशी आराखड्याची अपेक्षा, त्यालाच गणपतीच्या मखरासारखी रोषणाई गुंडाळली गेली. पाखरांना रात्र कुठली आणि दिवस कुठला कळेना. पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये पालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले. चढवण्याचे बिल निघाले होते; उतरवण्याचेही निघाले असणारच.

खेड्यात हा प्रश्न फार सोपा आहे. तिथे रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल थकले की महावितरणचा वायरमन खांबावर चढतो आणि पाच मिनिटांत गावाचे पथदिव्यांचे उत्सर्जन थेट शून्यावर आणतो. २०२१ च्या सुमारास राज्यभर अशी जोडणीतोड झाली, तेव्हा सरपंचांनी आंदोलने केली. आपण निव्वळ शून्य गाठले आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नसावे. सातारा जिल्ह्यातल्या मान्याचीवाडीने मात्र वायरमनची वाट पाहिली नाही. २०२४ मध्ये ते राज्यातले पहिले सौरग्राम झाले, आणि तिथल्या शंभरेक घरांच्या छपरांवर आता पत्र्याच्या जोडीला पॅनेल तापते. पाटण तालुक्यातल्या एका वाडीने जे केले ते मुंबईला का जमत नाही, असे विचारण्याचा मोह होतो. पण वाडीत छप्पर घरटी एक असते आणि मुंबईत एका छपराखाली अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे, त्यांची एक गच्ची, आणि त्या गच्चीच्या किल्लीवरून चाललेला दावा.

वाहतुकीकडे वळले की इतिहास खांद्यावर टकटक करतो. मुंबईत विजेवरची ट्रॅम ७ मे १९०७ रोजी धावली. तिची वीजही सुरुवातीला कोळशाचीच होती, ते असो. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ट्रॅम चालवणारी बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली, आणि सतरा वर्षांनी ट्रॅम निकालात निघाली. शेवटची फेरी झाली ३१ मार्च १९६४ ला. पुन्हा मार्चएण्डच. तारांवर चालणारी ट्रॉलीबसही १९६२ मध्ये आणली आणि १९७१ मध्ये बंद केली. रस्ता डिझेलला मोकळा झाला. त्यानंतर अर्धे शतक डिझेल जाळून झाल्यावर विजेवरची वातानुकूलित दुमजली बस ऑगस्ट २०२२ मध्ये मोठ्या गाजावाजाने अवतरली, आणि जुन्या डिझेल दुमजलीने १५ सप्टेंबर २०२३ ला निरोप घेतला. त्या दिवशी हार घातलेल्या बससोबत सेल्फी काढायला जी गर्दी लोटली, तेवढी गर्दी रोज बसमध्ये असती तर आराखड्यातला एक परिच्छेद कमी झाला असता.

बसमध्ये माणूस बसला की कार्बन वाचतो, हे सांगायला ऑस्लोला जावे लागत नाही. २०१९ च्या जुलैत बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणले होते. मे २०२५ मध्ये ते दहा झाले, वातानुकूलित बसला बारा. उलट सागरी किनारा मार्गावर, जो याच महापालिकेने मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला केला, मोटारीला टोल नाही. त्या रस्त्याने ३४ टक्के इंधन वाचेल असे पालिका सांगते. कोणाचे, तर ज्याच्याकडे मोटार आहे त्याचे; दुचाकीला तिथे मज्जाव आहे. नोकरदाराने दुप्पट भाडे देऊन पृथ्वी वाचवावी आणि मोटारवाल्याने फुकट, असे हे कामाचे न्याय्य वाटप आहे.

सायकलीचा प्रसंग तर कोणा नाटककाराला सुचला नसता. पवई तलावाच्या काठाने पालिकेने सायकल ट्रॅक बांधायला घेतला. हेतू स्वच्छ, वाहन स्वच्छ. आक्षेप निघाला जागेचा: तो तलावाचा काठ पाणथळ आणि तिथे मगरींची वस्ती. या मगरी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात, एकीनेही आजवर पेट्रोल जाळलेले नाही. वातावरण आराखडा मार्चमध्ये प्रसिद्ध झाला आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हा ट्रॅक बेकायदा ठरवून तो काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. पर्यावरणासाठी बांधलेला रस्ता पर्यावरणासाठीच उखडण्याची वेळ आली. पुण्याने २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकली आणल्या तेव्हा मगरी नव्हत्या, पुणेकर होते. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती, त्या शहरात सायकलींची कुलपे तुटली, सीटा गेल्या, आणि कंपन्यांनी काही काळाने उरलेला सांगाडा उचलून काढता पाय घेतला.

पण मुंबईकराला हे सारे दुरून पाहता येत होते, जोवर प्रकरण पावावर आले नव्हते.

२०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळवा, असे बजावले. पालिकेने बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना नोटिसा धाडल्या. तारीख दिली ८ जुलै. इराण्यांच्या बेकऱ्यांपासून गल्लीतल्या एकखणी भट्टीपर्यंत खळबळ उडाली. भट्टीवरचा पाव आणि गॅसवरचा पाव यांच्या चवीवर लोक तावातावाने बोलू लागले. त्यातल्या निम्म्यांनी आजवर पाव चाखलाच नव्हता, चटणी चाखली होती. वडापाव महागणार ही बातमी शेअर बाजाराच्या घसरणीपेक्षा मोठ्या अक्षरांत छापली गेली. तेही बरोबरच. शेअर प्रत्येकाकडे नसतात.

आता भट्टीच्या तोंडाशी जरा थांबायला हवे. तिथे जळते ते जंगलातले चंदन नव्हे. बहुतेक भट्ट्यांत जळते ते भंगारातले लाकूड: मोडक्या फळ्या, निघालेल्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या, जुनी कपाटे, अंगावरच्या रंग-पॉलिश आणि सनमायकासकट. ते ओंडक्यापेक्षा स्वस्त पडते, आणि मुंबईत रोज कोणी ना कोणी घराचे नूतनीकरण काढतेच. त्यामुळे दादरच्या एखाद्या जोडप्याचे रुखवतातले कपाट तीस वर्षांनी गोरेगावच्या भट्टीत शिरते आणि सकाळी लादीपावाच्या रूपाने पुन्हा संसाराला लागते. शेजारच्या चाळीतल्या खोकल्याचा संबंध त्या सनमायकाशी असतो. तेव्हा न्यायालयाचे म्हणणे रास्तच होते.

घोळ आहे तो कार्बनच्या वहीत. शहरांच्या हरितगृह वायूंचा हिशेब मांडण्याची जी जागतिक रीत आहे, तिच्यात लाकूड जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड वेगळ्या रकान्यात लिहितात, एकूण बेरजेत धरत नाहीत. तर्क असा की झाडाने तो आधी हवेतूनच घेतला होता, परत केला इतकेच. पाइपातून येणारा गॅस मात्र जमिनीखालून उपसलेला. तो बेरजेत येतो. म्हणजे पाव लाकडावरून गॅसवर गेला की फुप्फुसे सुधारतात आणि वही बिघडते. विजेच्या भट्टीवर गेला तर डहाणूचा कोळसा आहेच. कोणत्याही वाटेने गेले तरी बेकरीवाला गुन्हेगार, आणि त्याला पुरावा म्हणून दाखवायला हातात काय, तर पाव. त्याने मुदत मागितली यात आश्चर्य ते काय?

मुंबईबाहेर ही सगळी डोकेदुखी राज्य सरकारने मार्कांत बसवून दिली. २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी ६८६ स्थानिक स्वराज्य संस्था त्यात उतरल्या. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूते घेऊन प्रत्येकाखाली कामे आणि कामांना गुण. आपल्याकडे माणूस गेल्यावर पंचत्वात विलीन होतो. नगरपरिषदेला ते जिवंतपणीच, आणि तेही दरवर्षी व्हावे लागते. भूमीत झाडे आणि कचरा, वायूत हवा, जलात पाणी, अग्नीत ऊर्जाबचत, सौर दिवे, चार्जिंग केंद्रे. आकाशात काय येणार, हा प्रश्न मुख्याधिकाऱ्यांना पडण्याआधीच मार्गदर्शिकेने सोडवला: जनजागृती. योग्यच आहे. हवेत सोडायच्या गोष्टींसाठी त्याहून प्रशस्त महाभूत नाही.

पुरस्कार हवा तर कागद हवेत, आणि कागद करायला माणूस हवा. ‘क’ वर्ग नगरपरिषदेत हा माणूस ठरलेला असतो. तोच स्वच्छता निरीक्षक, ज्याच्याकडे स्वच्छ सर्वेक्षण आहे, प्लॅस्टिकबंदी आहे, डासनिर्मूलन आहे, निवडणूक आली की मतदारयाद्या आहेत आणि आता अतिरिक्त कार्यभार म्हणून पंचमहाभूते आहेत. त्याच्या मोबाइलमधले कॅमेरा अॅप प्रत्येक फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापते. झाड लावले: फोटो. शाळेत शपथ दिली: फोटो. भिंतीवर हिरवा हात पृथ्वी उचलतो आहे असे चित्र काढले: लांबून एक, जवळून एक. ही पृथ्वी प्रत्येक तालुक्याच्या गावी एकाच चित्रकाराने काढल्यासारखी दिसते. आफ्रिका जरा फुगलेली, भारत बराच मोठा. फोटो कमी पडला तर गुण कमी पडतात, म्हणून झाडाआधी फोटोची काळजी घेतली जाते. आणि उद्घाटनाला व्यासपीठामागे लागतो तो फलक फ्लेक्सचा असतो, म्हणजे पीव्हीसीचा. त्यावर कापडी पिशवी वापरण्याचे आवाहन आणि पंचवीस हसरे चेहरे.

राज्यातली ‘अमृत’ योजनेतली ४३ शहरे ‘रेस टू झिरो’ या जागतिक मोहिमेतही दाखल झाली आहेत. शून्य मिळवण्यासाठी शर्यत लावावी लागते, ही कल्पना काही जुन्या नगरसेवकांना अपमानास्पद वाटली असेल.

टिंगल सोडून एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. याच मार्कांच्या हव्यासापायी कित्येक गावांत विहिरींचा गाळ निघाला, कचरा वेगळा होऊ लागला आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांच्या बिलाकडे पहिल्यांदाच कोणीतरी नीट पाहिले. छोट्या नगरपालिकेची वीज दिव्यांइतकीच पंपात जाते. जुनाट पंप, गळकी वाहिनी आणि रात्रभर चालू राहिलेली मोटार यांतून जो कार्बन निघतो, तो कुठल्याही भित्तिचित्रात येत नाही. जिथे बिल पालिकेचे स्वतःचे, तिथे कार्बन गुपचूप कमी होतो. जिथे बिल दुसऱ्याचे, तिथे फोटो वाढतात.

उरला कचरा, उत्सर्जनात आठ टक्क्यांचा धनी. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. त्याच्या पोटात ओला कचरा हवेवाचून कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक तापवतो. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. इतकी वर्षे अंतराळातून चीनची भिंत दिसते की नाही यावर वाद चालला होता, देवनारने तो प्रश्न निकालात काढला. म्हणून २ ऑक्टोबर २०१७ पासून पालिकेने मोठ्या सोसायट्यांना, दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना, आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितले. हाजीअलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर मे २०२२ मध्ये तर अन्नाच्या कचऱ्यापासून बायोगॅस, त्यापासून वीज आणि त्या विजेवर मोटारींचे चार्जिंग सुरू झाले. हॉटेलातल्या ताटात सोडलेली दाल मखनी गाडी चालवते. पान स्वच्छ करावे असे सांगणाऱ्या पिढीला आता काय तोंड दाखवायचे, हा वेगळा मुद्दा.

पुणे महापालिकेने मात्र मानवी स्वभाव ओळखून शपथेऐवजी सवलत दिली. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संचय यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के सूट, दोन असतील तर १० टक्के. पुणेकर आणि सूट हे दोन शब्द एका वाक्यात आल्यावर जे व्हायचे ते झाले. सोसायट्यांच्या मागच्या भिंतीलगत विटांच्या टाक्या उभ्या राहिल्या. गांडुळे आली, फोटो निघाले, सवलत लागली. पुढे गांडुळांचे काय झाले याची चौकशी सवलतीच्या अर्जात नव्हती. मग काही वर्षांनी पालिकेला शंका आली आणि पाहणी सुरू झाली. जिथे प्रकल्प बंद दिसला तिथली सूट काढून घेण्यात आली.

अशा पाहणीचा देखावा कुठल्याही पेठेत किंवा उपनगरात सारखाच. पालिकेचा निरीक्षक सकाळी अकराला फाइल घेऊन येतो. सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, त्याला चहा विचारतात. तो नको म्हणतो, तेव्हाच त्यांना अंदाज येतो. वॉचमन टाकीवरचा पत्रा उचलतो. आत वाळका पालापाचोळा, गेल्या वर्षीच्या मखराचा तुकडा, रंगाचा रिकामा डबा आणि एक मांजर. मांजर तेवढे चालू स्थितीत.

“गांडुळं कुठायत?” निरीक्षक विचारतो.

“खाली असतात हो ती. ऊन आहे ना.”

निरीक्षक काडीने पाचोळा उकरतो. तळाचे सिमेंट लागते.

“मामा,” सेक्रेटरी वॉचमनकडे वळतात, “सकाळी पाणी घातलं होतं ना तुम्ही?”

“मला कुणी सांगितलंच नाही साहेब, गांडुळं पाळलीत म्हणून.”

निरीक्षक शेरा मारतो: ‘प्रकल्प आढळला. गांडुळे आढळली नाहीत. आठ दिवसांनी फेरतपासणी.’ सही घेतो आणि पुढच्या सोसायटीकडे निघतो. तो गेटबाहेर पडायच्या आत सेक्रेटरींनी खिशातून मोबाइल काढलेला असतो. चष्मा कपाळावर सारून ते रोपवाटिकेचा नंबर शोधतात.

“हॅलो, गांडुळं मिळतात ना तुमच्याकडे? किलोवर का? बरं, दोन किलो पाठवा. उद्याच पाठवा, जिवंत हवीत. आणि हो, पावती मागच्या एप्रिलची करून मिळेल का?”